गिऱ्हाईक कोणत्या नावाने शोधते

मलिक अंबरने १६१० मध्ये खाम नदीच्या काठी खडकी वसवली. त्याच्या मुलाने तिचे फतेहनगर केले, औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद केले आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राने मंजुरी दिल्यावर शहर छत्रपती संभाजीनगर झाले. मग सरकारी कागद, दुकानांच्या पाट्या, बिलबुके एकेक करून बदलत गेली. रेल्वे स्थानकाला नवे नाव मिळायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या शहराने मतदान केले ते मात्र ‘औरंगाबाद’ मतदारसंघातच, कारण मतदारसंघांची नावे परिसीमनाच्या आदेशाने ठरतात. प्रत्येक खात्याची नाव बदलण्याची गती वेगळी. फोनवरच्या शोधपट्टीला तर कोणतीच अधिसूचना लागू होत नाही. तिथे माणूस जे तोंडात बसले आहे तेच लिहितो.

गुलमंडीतल्या साडीच्या दुकानदारासाठी, वाळूजच्या वर्कशॉपवाल्यासाठी, सिडकोत घरून डबे पुरवणाऱ्या ताईंसाठी ही रोजच्या धंद्याची गोष्ट आहे. वेरूळ-अजिंठा पाहायला निघालेला दिल्लीचा प्रवासी रोमन लिपीत ‘औरंगाबाद हिमरू शॉल’ असे लिहितो, कारण त्याने चाळलेल्या पर्यटनाच्या पुस्तकांत शहराचे तेच नाव आहे. जालन्याहून बस्ता बांधायला येणारे कुटुंब ‘संभाजीनगर पैठणी’ शोधते. कुणी घाईत नुसती इंग्रजी आद्याक्षरे ठोकतो, कुणी ‘संभाजी’ आणि ‘नगर’ तोडून लिहितो. भरीला बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे आणि चिंचवडमध्ये, कोल्हापुरात संभाजीनगर नावाच्या वस्त्या आहेत. म्हणजे जुने नाव एकटे लिहिले तरी घोटाळा, नवे अर्धवट लिहिले तरी घोटाळा.

यावरचा उपाय साधा आहे. दुकानाच्या पानावर एकदा स्वच्छ लिहावे : ‘गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), महाराष्ट्र ४३१००१’. दूरध्वनी असेल तर त्यामागे ०२४०. जुने नाव लिहिल्याने कुणाचा अवमान होत नाही आणि नवे लिहिल्याने जुने गिऱ्हाईक हरवत नाही. इंग्रजी पानावरही हेच. दोन्ही नावे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत वीस-वीस वेळा छापण्याची युक्ती अजून काही जण सुचवतात. ती निरुपयोगी तर आहेच, शिवाय गूगलच्या नियमांत शब्दांची अशी ठासणी ‘स्पॅम’ म्हणून नोंदलेली आहे.

‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ किंवा एसईओ या भारदस्त नावाखाली जे विकले जाते, त्याच्या मुळाशी एवढीच गोष्ट आहे. गिऱ्हाईक आपल्या मालाला, कामाला, गल्लीला काय म्हणते ते ओळखायचे, त्याच शब्दांत खरे उत्तर लिहून ठेवायचे आणि ते उत्तर यंत्राला वाचता येईल अशा रीतीने ठेवायचे. तिसऱ्या कामात थोडी तांत्रिक माहिती लागते. पहिली दोन कामे दुकानदाराला कोणत्याही एजन्सीपेक्षा चांगली जमतात, कारण ते शब्द त्याच्या कानावर रोज गल्ल्यावर बसल्या बसल्या पडत असतात. हे पुस्तक त्या विश्वासावर उभे आहे.

यंत्राचे काम कसे चालते हे थोडक्यात पाहू. गूगलचा ‘गूगलबॉट’ नावाचा प्रोग्राम एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात पाने वाचत फिरतो. वाचलेल्यातले जे ठेवण्याजोगे वाटेल ते तो आपल्या अनुक्रमणिकेत नोंदवतो. कुणी काही शोधले, की नोंदींमधून उत्तरे निवडून क्रमाने लावली जातात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हा क्रम ठरवताना एका पानाकडे इतर कोणती पाने बोट दाखवतात याला मोठे वजन होते. आज त्यात असंख्य घटक मिसळले आहेत. पण पान वाचलेच गेले नाही तर ते अनुक्रमणिकेत येणार नाही, आणि अनुक्रमणिकेत नसेल तर ते क्रमातही असणार नाही, हे तेव्हाइतकेच आजही खरे. पुष्कळ छोट्या व्यवसायांची वेबसाइट क्रमात मागे पडलेली नसते. ती यादीत मुळी आलेलीच नसते. हे तपासायला गूगलचे ‘सर्च कन्सोल’ हे मोफत साधन आहे. कोणते पान नोंदले गेले, कोणते नाही आणि का, लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत पोहोचले, हे सारे त्यात दिसते. वेबसाइट सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते जोडावे.

छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात वेबसाइट नसलेली दुकाने ऑनलाइन नाहीत असे नाही. २०१६ मध्ये एप्रिलला यूपीआय आले, सप्टेंबरला जिओने डेटा स्वस्त केला आणि पुढच्या काही वर्षांत टिळकपथापासून शहागंजपर्यंत काउंटरवर क्यूआर कोड चिकटले. व्हॉट्सॲप बिझनेसवर माल दिसतो, इन्स्टाग्रामवर रील निघते. हे सगळे उपयोगाचे आहे. पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये टाकलेले साडीचे फोटो शोधयंत्राला दिसत नाहीत. ते ओळखीच्या गिऱ्हाइकापर्यंत जातात. अनोळखी माणूस, ज्याला दुकानाचे नावही ठाऊक नाही, तो शोधपट्टीतूनच येतो.

दुसऱ्याच्या जागेवर धंदा मांडण्यातला धोका मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिला. गूगल आपल्या बिझनेस प्रोफाइलबरोबर छोट्या व्यवसायांना एक मोफत वेबसाइट देत असे. पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असे. अनेकांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, टेम्पोवर, कॅरीबॅगवर छापला. मार्चमध्ये गूगलने त्या वेबसाइट बंद केल्या. १० जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला प्रोफाइलकडे वळवले जात होते, त्यानंतर तेही थांबले. छापलेला पत्ता वाया गेला. यात गूगलने कोणाला फसवले नाही, पूर्वसूचनाही दिली होती. जागा पहिल्यापासून त्यांचीच होती.

म्हणून पहिला खर्च डोमेनचा, आणि तो स्वतःच्या नावावर. ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ वर्षाला काही शे ते हजारभर रुपयांच्या आसपास मिळते. देवनागरीत हवे असेल तर ‘डॉट भारत’ आहे. ते २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले तेव्हापासून त्यात मराठीचा समावेश आहे. अजून अनेक गिऱ्हाइकांना असा पत्ता टाइप करणे अवघड जाते, तेव्हा तो जोडीला असावा, एकटा नको. डोमेन कोणत्या कंपनीकडून घेतले यापेक्षा त्या खात्यावर कोणाचा ईमेल आणि कोणाचा मोबाइल आहे याला जास्त महत्त्व आहे. वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या खात्यात डोमेन घेतले, तर तीन वर्षांनी दुसऱ्याकडे काम द्यायची वेळ आल्यावर दुकानाचे नाव त्याच्याकडून सोडवून घ्यावे लागते. पागडीच्या गाळ्यासारखीच ही गोष्ट, कागद कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहावे.

ज्यांच्या डोमेनमध्येच ‘औरंगाबाद’ हा शब्द आहे, त्यांना वेगळा प्रश्न पडतो : ते बदलावे का? बदलायचे असेल तर खुशाल बदलावे, पण जुने डोमेन सोडून देऊ नये. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या त्याच पानाकडे कायमची वळणवाट लावावी. तांत्रिक भाषेत तिला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. त्यामुळे जुन्या दुव्यांवरून येणारी माणसे नव्या जागी पोहोचतात आणि शोधयंत्रालाही कळते की दुकान तेच आहे. जुन्या डोमेनचे नूतनीकरण पुढेही करत राहावे. सोडलेले नाव कुणीही विकत घेऊ शकतो आणि त्यावर काहीही मांडू शकतो.

मराठवाड्यातल्या छोट्या व्यवसायांच्या वेबसाइटवर एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. ती म्हणजे फाँटची. पत्रिका, पॅम्फलेट, मेनूकार्ड हे सगळे वर्षानुवर्षे डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवले गेले. तो मजकूर कागदावर सुंदर दिसतो, पण युनिकोड नसेल तर संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. वेबसाइटवर तो चिकटवला की अक्षरे तुटतात. मग सोपा मार्ग म्हणून संपूर्ण पॅम्फलेटचे चित्रच पानावर लावले जाते. माणसाला सगळे दिसते. शोधयंत्राला दिसते एक चित्र, ज्याच्या फाइलचे नाव बहुधा ‘फायनल टू’ असे असते. त्यातला ‘हातमागाची पैठणी’ हा शब्द कुणी शोधला तरी ते पान पुढे येण्याची आशा फारशी राहत नाही. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून मजकूर म्हणूनच लावावा, आणि फोटोला त्याच्या वर्णनाची एक ओळ जोडावी : ‘जांभळ्या रंगाची हातमागाची पैठणी, पदरावर बांगडी मोर’. ही ओळ डोळ्यांनी अधू असलेल्या माणसाचा फोन त्याला वाचूनही दाखवतो.

पैठणीवर जरा रेंगाळायला हवे, कारण विक्रेत्याला काय लिहावे हे शिकायला तिच्याइतका चांगला धडा नाही. पैठण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि यंत्रमागावरच्या ‘सेमी पैठणी’चा बाजारही जोरात आहे. घेणाऱ्याच्या मनात मोजके प्रश्न असतात. ही हातमागाची की यंत्रमागाची? जर कोणती? मुनिया बॉर्डरला किती पडतात आणि नारळीला किती? पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ आहे का? धुवायची कशी? दुकानात आलेल्या बाईला विक्रेता साडी उलटी करून मागची बाजू दाखवतो, दोन्हींतला फरक बोटाने समजावतो. तेच दुकान वेबसाइटवर मात्र ‘परंपरा आणि गुणवत्तेचा अनोखा संगम’ असे लिहून मोकळे होते, आणि किमतीच्या जागी ‘फोन करा’. प्रश्न विचारणारी व्यक्ती उत्तर असलेल्या पानावर जाते, मग ते दुकान येवल्याचे असो की बंगळुरूचे. काउंटरवर जे पाच मिनिटांत बोलले जाते ते तसेच्या तसे लिहून, साडी उलटी केलेल्या फोटोसह, एका पानावर ठेवले तर त्याला एसईओचे अर्धे काम म्हणता येईल. किंमत नेमकी सांगता येत नसेल तर पल्ला सांगावा. सेमी पैठणी विकत असाल तर तसे स्पष्ट लिहावे. ती शोधणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांना तीच हवी असते.

हिमरूचे प्रकरण याहून नाजूक आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा आलेल्या विणकरांशी या कलेचा संबंध जोडला जातो. सुती ताणा, रेशमी बाणा. आज विणणारे हात थोडे उरले आहेत. या कापडाचे रोमन स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होते आणि देश-परदेशातले संग्रहालयवाले, डिझायनर, अभ्यासक ते बहुतेक ‘औरंगाबाद’ या शब्दाला जोडूनच शोधतात. एखाद्या विणकर कुटुंबाने मागाचा फोटो, नक्षीची नावे, एका शालीला लागणारा वेळ आणि वेगवेगळ्या स्पेलिंगचा सहज उल्लेख असलेले एक पान इंग्रजीत केले, तर ते पान शोधणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याची शक्यता मोठी आहे, कारण इतक्या नेमक्या विषयावर स्पर्धा कमी आहे. छोट्याला शोधपट्टीत संधी मिळते ती अशा नेमकेपणात. ‘साडी’ या एका शब्दावर देशभरच्या कंपन्यांशी झुंजण्यात गुलमंडीच्या दुकानाने पैसा घालवू नये.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याचे वर्कशॉपवाले म्हणतील, आमचे गिऱ्हाईक ठरलेले, आम्हाला वेबसाइट कशाला? १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती पुरवठादारांची दाट वस्ती उभी राहिली. एका मोठ्या कंपनीवर भिस्त ठेवण्यातली जोखीम त्यांना कुणी समजावून सांगायला नको. चाकणचा खरेदी अधिकारी नवा पुरवठादार शोधताना ‘व्हीएमसी जॉब वर्क वाळूज’ असे काहीतरी इंग्रजीत लिहितो. त्याला कारखान्याच्या दारातला पुष्पगुच्छाचा फोटो नको असतो. टेबलचा आकार किती, कोणत्या धातूवर काम होते, किती मायक्रॉनपर्यंत अचूकता सांभाळता, पावडर कोटिंग आत होते की बाहेर, मोजमापाची कोणती साधने आहेत, हे त्याला दोन मिनिटांत कळले पाहिजे. मशीनची यादी एवढे एकच पान नीट केलेली वेबसाइट कित्येक चकचकीत वेबसाइटपेक्षा जास्त चौकश्या आणू शकते.

सिल्लोड, कन्नड, वैजापूर, गंगापूरकडून येणारे गिऱ्हाईक टाइप करत बसत नाही, ते फोनशी बोलते. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. तेव्हापासून शोधाच्या भाषेत पूर्ण वाक्ये येऊ लागली आहेत : ‘ठिबकचे पाइप कुठे मिळतील’, ‘मोटार रिवायंडिंग करणारे दुकान जवळ’. कृषी सेवा केंद्राच्या पानावर ‘सूक्ष्म सिंचन प्रणाली’ असेच लिहिलेले असेल आणि ‘ठिबक’ हा शब्द कुठेच नसेल, तर शेतकरी आणि दुकान यांची गाठ यंत्राच्या अंदाजावर सोडल्यासारखे होते.

जवळपासच्या शोधात वेबसाइटइतकेच, अनेकदा तिच्याहून जास्त, गूगल बिझनेस प्रोफाइल कामाला येते. गूगलच्या सांगण्यानुसार स्थानिक निकाल तीन गोष्टींवर ठरतात : शोधाशी सुसंगती, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. अंतर बदलता येत नाही, बाकी दोन्हींवर काम करता येते. प्रोफाइलवर नाव पाटीवर आहे तेच द्यावे, त्याला ‘बेस्ट साडी शॉप संभाजीनगर’ असे शेपूट जोडू नये. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रोफाइल निलंबित होऊ शकते. दिवाळीतल्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, बदललेला मोबाइल नंबर वेळच्या वेळी दुरुस्त करावा. अभिप्राय गिऱ्हाइकाकडे जरूर मागावेत, विकत मात्र घेऊ नयेत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे भारतीय मानकही आले आहे. एखाद्याने रागाने एक तारा दिला तर त्याला दिलेले शांत, मुद्द्याचे उत्तर पुढची शंभर माणसे वाचतात.

आता फसवणुकीबद्दल. ‘पंधरा दिवसांत पहिल्या पानावर, गॅरंटी’ असे फोन दुकानदारांना सतत येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवले आहे. जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते. तिच्याखालचा क्रम गूगल विकत नाही. केलेल्या कामाचे फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागते, असे गूगलच्या माणसांनी २०१७ मध्ये जाहीर सांगितले होते, आणि आजही तो अंदाज धरून चालावे. पानामागे ‘कीवर्ड’ची यादी लपवण्याचे काम विकणाऱ्यालाही ओळखून असावे. गूगल क्रम लावताना ती यादी विचारात घेत नाही, हे २००९ मध्येच स्पष्ट झाले. हजार दुवे विकत देणारा तर सरळ नुकसान करतो.

गेल्या काही वर्षांत आणखी एक बदल आला आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या अनेक शोधांवर सर्वांत वर कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळवलेले उत्तर दिसते. ‘पैठणी म्हणजे काय’ असे विचारणारा आता कदाचित कोणत्याच वेबसाइटवर जाणार नाही. पण ‘पैठण गेटजवळ पैठणीला रफू कोण करून देतो’ याचे उत्तर यंत्र स्वतःहून बनवू शकत नाही. ते कुणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. सर्वसाधारण माहितीच्या लांबलचक लेखांवर छोट्या व्यवसायाने श्रम घालवण्यात पूर्वीही फारसा अर्थ नव्हता, आता त्याहून कमी आहे.

पुढच्या प्रकरणांत डोमेन आणि होस्टिंग घेणे, वर्डप्रेससारख्या मोफत साधनावर पाच पानांची वेबसाइट उभी करणे, कुलपाचे चिन्ह म्हणजे एचटीटीपीएस मिळवणे, फोटो हलके करणे, शीर्षके लिहिणे, सर्च कन्सोल वाचणे, प्रोफाइलची पडताळणी करणे हे क्रमाने येते. मोबाइलवर कसे दिसते ते प्रत्येक टप्प्यावर तपासायला सांगितले आहे, कारण गूगल आता वेबसाइटची मोबाइलवरची आवृत्तीच वाचते. ऑनलाइन विक्री, पेमेंट गेटवे, कुरिअर हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. ज्या दुकानाचे गिऱ्हाईक दारात येऊन माल हातात घेते, त्याला सुरुवातीला त्यांची गरज नाही. संगणकाला हात लावण्यापूर्वी मात्र एक काम करावे. काउंटरवर एक वही ठेवावी आणि आठवडाभर गिऱ्हाइकांनी फोनवर, दारात, व्हॉट्सॲपवर विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवावेत. शहराला त्यांनी कोणत्या नावाने हाक मारली तेही लिहावे. पहिल्या प्रकरणाला ती वही लागेल.